मिस बेट्सच्या आईचा चष्मा

‘एमा’ ही जेन ऑस्टिनची कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. वाचली म्हणायची, पण पूर्ण नाही. कादंबरीत मिस बेट्स नावाची एक प्रौढ, अविवाहित बाई आहे. ती बोलायला लागली की मी पान उलटायचे. तिचं बोलणं एकेका वेळी पान-दीड पान चालतं. मध्ये परिच्छेद नाही. एक गोष्ट सुरू होते, मध्येच आडवी रेघ येते, मग दुसरी गोष्ट, पुन्हा रेघ, मग तिसरी. एमाचं पुढे काय होणार याची मला घाई होती, आणि डुकराच्या मांसाला मीठ लावायला मोठं भांडं आहे की नाही या चर्चेत मला अडकायचं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत कादंबरी आणखी दोनदा वाचली. दोन्ही वेळा मिस बेट्सची पानं मी तशीच ओलांडली.

या कंटाळ्यात मी एकटी नव्हते. कादंबरी डिसेंबर १८१५ मध्ये लंडनला जॉन मरी यांनी बाजारात आणली. शीर्षकाच्या पानावर साल १८१६ आणि लेखिकेचं नाव नाही. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये तिचं परीक्षण कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं लिहिलं, तेही निनावी. त्यानं मनापासून कौतुक केलं, पण एक तक्रार केलीच. एमाचे म्हातारे वडील मिस्टर वुडहाउस आणि मिस बेट्स ही माणसं पहिल्यांदा समोर येतात तेव्हा गंमत वाटते, पण पुन्हा पुन्हा आली की खऱ्या समाजात असली माणसं जशी नकोशी होतात तशीच ती कादंबरीतही नकोशी होतात, असं त्याचं म्हणणं. हे वाक्य वाचून मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. स्कॉटलाही कंटाळा आला होता तर!

आता तेच वाक्य वाचताना वाटतं की स्कॉटनं नकळत लेखिकेला सर्वांत मोठी दाद दिली. ‘खऱ्या समाजात होतात तशीच’ हे त्याचे शब्द. कंटाळासुद्धा इतका खरा की वाचकाला आपल्या ओळखीचीच कुणीतरी व्यक्ती समोर बसली आहे असं वाटावं. तो कंटाळा तिनं मुद्दाम ठेवलेला आहे. का ठेवला आहे, हे मला कळायला बरीच वर्षं जावी लागली, आणि ते पुस्तकातून कळलं नाही.

माझी आत्या सांगलीला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, लग्न केलं नाही, शेवटपर्यंत आजीचं सगळं तिनंच केलं. रोज संध्याकाळी साडेसातला तिचा फोन येतो. नळाला पाणी किती वेळ आलं, दूधवाल्यानं पिशवी कुठे ठेवली, समोरच्यांच्या सुनेला कितवा महिना, मंडईत गवार काय भावानं, सगळं ओळीनं. मी फोन स्पीकरवर ठेवून भाजी चिरायचे आणि मध्ये मध्ये ‘हो का’, ‘अगं बाई’ म्हणायचे. वाक्य कुठे संपतंय एवढं कानाला कळलं की पुरे होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर चुलतभावाचा फोन आला. आत्याला काचबिंदू निघाला होता. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर बरीच गेली होती. काचबिंदूत समोरचं दिसत राहतं आणि कडा हळूहळू विझत जातात, त्यामुळे माणसाला स्वतःलाही लवकर कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून जन्मभर थेंब घालायचे. मी तिला म्हटलं, ‘आत्या, एवढं होईपर्यंत तू बोलली नाहीस?’ ती म्हणाली, ‘अगं, सांगितलं की तुला. दोन-तीनदा सांगितलं. दाराच्या चौकटीला खांदा सारखा आपटतो, काळानिळा झालाय म्हणून.’

सांगितलं होतं. मला आठवलं. दूधवाला आणि गवार यांच्या मधल्या जागेत, त्याच आवाजात, त्याच वेगानं तिनं ते सांगितलं होतं, आणि मी ‘अगं बाई’ म्हटलं होतं.

त्या हिवाळ्यात मी ‘एमा’ पुन्हा काढली. ठरवून, मिस बेट्सचा एकही शब्द न गाळता.

वाचायला लागले आणि अक्षरशः अंगावर काटा आला, कारण त्या कादंबरीतलं सगळं रहस्य मिस बेट्सच्या बोलण्यात आहे. फ्रँक चर्चिल नावाचा देखणा तरुण गावात येतो. मिस बेट्सची भाची जेन फेअरफॅक्स हिच्याशी त्याचं लग्न आधीच ठरलेलं आहे, पण ते दोघांनी सगळ्यांपासून लपवलं आहे. हायबरी गावात कुणाला पत्ता नाही. स्वतःला फार हुशार समजणाऱ्या एमाला नाही, आणि पहिल्यांदा वाचणाऱ्या वाचकालाही नाही. मिस बेट्सलाही माहीत नाही. पण ती जे दिसतं ते सगळं सांगते, गाळत काही नाही, त्यामुळे पुरावे तिच्या तोंडून सांडत राहतात. गावच्या डॉक्टर पेरींनी गाडी ठेवायचा विचार केला होता, ही गोष्ट फ्रँक एकदा चुकून बोलून जातो. त्याला ती कळली कुठून? तो म्हणतो, स्वप्नात पाहिली असेल. तेवढ्यात मिस बेट्स सांगायला लागते की हो, असा विचार खरंच चालला होता, पण ते गुपित होतं. मिसेस पेरींनी तिच्या आईला विश्वासात घेऊन सांगितलं होतं आणि बाहेर फार कुणाला ठाऊक नव्हतं. आपण कुणाजवळ बोलल्याचं आठवत नाही, पण आपण बडबड्या, कधी निसटलं असेल तोंडातून. जेन मात्र तशी नाही, तिच्या तोंडून एक अक्षर बाहेर जायचं नाही. नीट ऐकणाऱ्याला इथेच कळावं की बातमी बेट्सच्या घरातून पत्रानं फ्रँककडे गेली होती. पण नीट ऐकतं कोण? जमलेल्या मंडळींतला एक मिस्टर नाइटली, एमाच्या घरचा जुना स्नेही, तेवढा फ्रँक आणि जेनवर नजर ठेवून असतो. वाचक तर पान उलटून पुढे गेलेला असतो.

लेखिकेनं वाचकाचा कंटाळा गृहीत धरला होता. त्या कंटाळ्यामागेच तिनं रहस्य ठेवलं. विनोदी पात्र आणि कथानक असे दोन वेगळे धागे तिच्याकडे नाहीतच. मिस बेट्स बोलते म्हणून आपण हसतो, आणि हसतो म्हणूनच आपल्याला ऐकू येत नाही.

आता तिच्या बोलण्याकडेच पाहू. मला सर्वांत आवडतो तो चष्म्याचा प्रसंग. एमा आणि तिची मैत्रीण हॅरिएट फोर्डच्या दुकानात आहेत. मिस बेट्स त्यांना बोलवायला येते: आमच्याकडे या, पियानो बघायला. आणि सुरू होते. माझ्या मराठीत ते साधारण असं उतरतं:

‘आईचा चष्मा हो! आज सकाळीच त्याचा खिळा निघाला. आईला डोळ्यावर ठेवताच येईना. खरं म्हणजे प्रत्येकाजवळ दोन दोन चष्मे असायला हवेत, जेन म्हणालीच तसं. मी सकाळी पहिलं काम म्हणून तो जॉन सॉन्डर्सकडे नेणार होते, पण हे झालं, ते झालं, सकाळभर काही ना काही निघतच राहिलं. आधी पॅटी आली, म्हणे स्वयंपाकघराचं धुराडं साफ करायला हवं. म्हटलं, पॅटी, तुझी ही बातमी आत्ता नको गं, इथे तुझ्या बाईंच्या चष्म्याचा खिळा निघालाय. मग भाजलेली सफरचंदं आली, मिसेस वॉलिसनी पोराबरोबर पाठवली...’

सॉन्डर्स, पॅटी, वॉलिस ही माणसं कादंबरीत कधी फारशी समोर येत नाहीत. पण या एका श्वासात आख्खं गाव उभं राहतं. घरात भट्टी नाही म्हणून सफरचंदं बेकरीत भाजून आणावी लागतात. एकच मोलकरीण, एकच चष्मा. नवं घेणं परवडत नाही, पण तसं ती म्हणत नाही. ती म्हणते, प्रत्येकाजवळ दोन असायला हवेत. गरिबी हा शब्द न उच्चारता या बाईनं आपली सगळी मिळकत सांगून टाकली आहे. खिळा बसवायला फ्रँक चर्चिल घरी थांबला आहे, आणि त्या खिळ्याला इतका वेळ का लागतोय याचं खरं कारण खोलीत उभ्या असलेल्या जेनपाशी आहे. तेही आपल्याला कळत नाही, कारण आपण एव्हाना सफरचंदांना कंटाळलेलो असतो.

दुसरा प्रसंग क्राउन इनमधल्या नृत्याच्या रात्रीचा. तिथे मिस बेट्सचं लांबलचक बोलणं येतं आणि समोरच्याची उत्तरं लेखिका मुळी देतच नाही. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी आपण बसलेलो असावं तसं सगळं एकाच बाजूनं ऐकू येतं. चालता चालता ती म्हणते, जेन, जपून, इथे दोन पायऱ्या आहेत. मग म्हणते, छे, एकच आहे. मला वाटत होतं दोनच आहेत. किती नवल! मी दोनच धरून चालले होते, आणि आहे एकच. या वाक्यात काय आहे? काहीच नाही. विनोद म्हणावा तर विनोदही नाही. पण ती पायरी पायाखाली लागते. दोनशे वर्षांपूर्वी सरे परगण्यातल्या एका काल्पनिक गावात एका बाईचा पाय अधांतरी चाचपला, तो अजून खाली टेकतोय. अतिशयोक्तीनं हे साधत नाही. हे फक्त ऐकून साधतं, आणि जेन ऑस्टिननं आयुष्यभर बैठकीच्या खोल्यांत बसून दुसरं केलंच काय?

पण या बोलण्याचा अर्थ मला या वाचनातच लागला. मिस बेट्स सतत कुणाचे तरी आभार मानत असते. एमाच्या घरून, हार्टफील्डहून, आलेल्या मांसाबद्दल, मिस्टर नाइटलींनी पाठवलेल्या सफरचंदांबद्दल, त्यांनी आपली गाडी पाठवली त्याबद्दल, आईला शेगडीजवळची खुर्ची दिली त्याबद्दल. तिचे वडील गावचे पाद्री होते. ते गेले, घर गेलं. आता ती आणि म्हातारी आई दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि गाव त्यांना जगवतं. परतफेड करायला तिच्याजवळ काही नाही. म्हणून ती बोलते. प्रत्येक वस्तूची, प्रत्येक उपकाराची जाहीर नोंद करते, कुणाचं काही विसरलं जाऊ नये म्हणून. तिच्या पाल्हाळाला आपण स्वभावदोष म्हणतो. मला तो हिशेब वाटतो. कर्ज फेडता येत नसलेल्या एका प्रामाणिक बाईनं रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचलेला हिशेब.

ऑस्टिनच्या विनोदाचं मला कळलेलं मर्म हेच. तिच्या माणसांची हास्यास्पद लकब ही वरून चिकटवलेली नसते. तिच्या तळाशी गरज असते, भीती असते, आणि ती नेहमी रास्त असते. मिस्टर वुडहाउस पेजेसारख्या पातळ लापशीचे भक्त. लग्नाचा केक कुणी खाऊ नये म्हणून त्यांची धडपड, अंडं खायचंच तर अगदी मऊ उकडलेलं, आणि तेही आमच्या सर्लनं उकडलेलं. या माणसाला बदलाची भीती वाटते. बायको गेली, मोठी मुलगी लग्न होऊन गेली, आता मुलींना सांभाळणारी मिस टेलरही लग्न करून गेली. घरातलं एकेक माणूस लग्नानंच नेलं. मग लग्नाचा केक त्यांना पचेल कसा? ‘बिचारी मिस टेलर’ म्हणून ते उसासा टाकतात तेव्हा आपण हसतो, कारण ती तर सुखात आहे. पण बिचारं खरं कोण, हे लेखिकेला ठाऊक आहे.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या मिसेस बेनेटच्या नसा जगप्रसिद्ध आहेत. तिचा नवरा म्हणतो, तुझ्या नसा माझ्या जुन्या मैत्रिणी आहेत, निदान वीस वर्षं तुझ्या तोंडून त्यांचं कौतुक ऐकतोय. वाक्य लाजवाब आहे. पण हिशेब करून पाहा. पाच मुली, मुलगा नाही, आणि इस्टेट अशी बांधलेली की बाप मेल्यावर घर पुरुष वारसाला, म्हणजे मिस्टर कॉलिन्सला जाणार. बापानं शिल्लक टाकलेली नाही. त्या घरात उद्याचा विचार करणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे ही आरडाओरडा करणारी बाई. ती बोलते वेडंवाकडं, वागते त्याहून वाईट, मुलींना लाज आणते. तिची भीती मात्र पै-पैनं खरी आहे. चतुर नवरा पुस्तकांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतो. पूर्वी मला तो फार आवडायचा. आता त्याचा राग येतो.

मिस्टर कॉलिन्सबद्दल लिहायला बसले तर हा लेख त्याचाच होईल, म्हणून एवढंच. आपली आश्रयदाती लेडी कॅथरिन हिच्या एका दिवाणखान्यातल्या शेकोटीच्या कमानीला ८०० पौंड खर्च आला हे तो आल्यागेल्याला सांगतो, आणि मागणी घालताना कारणं एक, दोन, तीन अशी मोजून देतो. पण त्याआधी लेखिका एका परिच्छेदात सांगून गेली आहे की हा मुलगा अडाणी आणि कंजूष बापाच्या धाकात वाढला, आणि तरुणपणीच अनपेक्षितपणे त्याचं नशीब उघडलं. दबलेल्या माणसाला अचानक खुर्ची मिळाली की लाचारी आणि तोरा एकत्र कसे नांदतात, ते त्याच्याइतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

भीतीपोटी नव्हे तर लोभापोटी हास्यास्पद होणारी माणसं ती वेगळ्या रीतीनं लिहिते. तिथे तिचा हात कठोर होतो. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चं दुसरं प्रकरण जेमतेम काही पानांचं आहे, आणि ते मी कितीही वेळा वाचू शकते. मरणाऱ्या बापानं जॉन डॅशवूडकडून वचन घेतलंय की सावत्र आई आणि तीन सावत्र बहिणींना सांभाळीन. जॉन ठरवतो, प्रत्येकीला १००० पौंड, एकूण ३०००. मग बायको फॅनी बोलायला बसते. आवाज चढत नाही, कुणी कुणाला वाईट म्हणत नाही. ३००० चे १५०० होतात. मग एकदम रक्कम कशाला, आईला वर्षाला १०० द्यावेत असं ठरतं. फॅनी म्हणते, वार्षिकी सुरू केली की माणसं मरतच नाहीत, आणि त्या तर धडधाकट आहेत, चाळिशीच्याही नाहीत. मग कधीमधी ५० पौंडांची भेट. शेवटी उरतं ते घर शोधायला मदत, सामान हलवायला मदत, आणि हंगामात मासे आणि शिकार पाठवणं. प्रत्येक पायरीला जॉनला वाटतं की आपण बापाला दिलेलं वचन जास्तच नीट पाळतोय. यात एकही वाक्य अवास्तव नाही. वाटणीच्या वेळी बंद दाराआड बोललं जातं ते असंच बोललं जातं, आणि ज्यांनी ते भिंतीपलीकडून ऐकलं आहे त्यांना हे प्रकरण वाचून हसताना दाताखाली खडा येतो.

लेखिकेच्या हातून चूकही झाली आहे. ‘पर्सुएशन’मध्ये मिसेस मसग्रोव्ह वारलेल्या मुलासाठी उसासे टाकते, आणि ती लठ्ठ आहे म्हणून ते उसासे हास्यास्पद दिसतात असं लेखिका लिहून जाते. मुलगा उनाड होता, जिवंतपणी घरात कुणाला त्याचं फारसं प्रेम नव्हतं, हे सगळं मान्य. तरीही आईचं रडणं तिच्या देहाच्या मापानं मोजायला नको होतं. तिच्या सहा कादंबऱ्यांत हीच एक जागा मला झोंबते, आणि झोंबते याचं कारण इतरत्र ती असं करत नाही.

इतरत्र काय करते, ते बॉक्स हिलच्या सहलीत दिसतं. बॉक्स हिल ही सरेमधली खरीखुरी टेकडी. उन्हाळ्याचे दिवस, मंडळी कंटाळलेली. फ्रँक चर्चिल खेळ काढतो: प्रत्येकानं एक अतिशय चतुर गोष्ट सांगावी, नाहीतर दोन बऱ्यापैकी चतुर, नाहीतर तीन अगदीच रटाळ. मिस बेट्स आनंदानं म्हणते, तीन रटाळ, हे मला जमेल. तोंड उघडलं की तीन रटाळ गोष्टी मी सांगणारच, नाही का? आणि सगळ्यांकडे पाहते, कुणीतरी हो म्हणेल या भरवशानं. एमा म्हणते, ‘पण एक अडचण आहे. माफ करा हं, संख्येची मर्यादा आहे. एका वेळी तीनच.’

मिस बेट्सला लगेच कळत नाही. एमाच्या आदबशीर सुरामुळे ती फसते. कळतं तेव्हा राग येत नाही, थोडीशी लाली चढते, एवढंच. ती मिस्टर नाइटलींकडे वळून म्हणते, ‘हो, समजलं मला त्यांना काय म्हणायचंय. मी गप्प राहायचा प्रयत्न करीन. मी फारच नकोशी होत असणार, नाहीतर जुन्या मैत्रिणीला त्या असं बोलल्या नसत्या.’

बेचाळीस प्रकरणं आपल्याला हसवून लेखिकेनं त्रेचाळिसाव्यात हे केलं आहे. एमा जे बोलली ते प्रत्येक वाचकाच्या मनात होतं, स्कॉटच्या होतं, माझ्या तर होतंच. परतताना मिस्टर नाइटली एमाला सुनावतात: ती गरीब आहे. जन्मापासूनच्या सुखातून ती खाली आली आहे आणि म्हातारी झाली तर आणखी खाली जाईल. तू लहान होतीस तेव्हा तिनं तुझी दखल घेणं हा तुझा मान होता. वाईट केलंस. एमा घरी पोचेपर्यंत गाडीत रडत असते. कथेच्या आधीच्या भागात हीच एमा हॅरिएटला ऐटीत सांगत होती की अविवाहित राहण्यात कमीपणा नाही, कमीपणा गरिबीत आहे. तुटपुंज्या मिळकतीची अविवाहित बाई म्हणजे पोरासोरांच्या टिंगलीचा विषय. एमाजवळ ३०००० पौंड आहेत.

लेखिकेजवळ नव्हते. जेन ऑस्टिनही हॅम्पशरमधल्या स्टीव्हन्टन गावच्या पाद्र्याची मुलगी. २७ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, डिसेंबर १८०२ मध्ये, एका मोठ्या इस्टेटीच्या वारसानं तिला मागणी घातली. संध्याकाळी ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. १८०५ च्या जानेवारीत बाथमध्ये वडील गेले. त्यानंतर आई आणि दोन अविवाहित बहिणी भावांनी दिलेल्या पैशांवर जगल्या, बिऱ्हाडं बदलत राहिल्या. १८०९ मध्ये भाऊ एडवर्डनं चॉटनचं घर राहायला दिलं. तिथे, आई घरात असताना, २१ जानेवारी १८१४ ते २९ मार्च १८१५ या काळात तिनं ‘एमा’ लिहिली. १८१७ च्या मार्चमध्ये पुतणीला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते की एकट्या बायकांची गरीब होण्याकडे फार भयंकर ओढ असते. त्याच वर्षी १८ जुलैला विंचेस्टरमध्ये ती गेली, वयाच्या ४१ व्या वर्षी.

पाद्र्याची मुलगी, लग्न नाही, म्हातारी आई, दुसऱ्यानं दिलेलं छप्पर. ती मिस बेट्सला कुठे पाहत होती हे विचारायला नको. तिच्यात आणि स्वतःत फरक किती आहे, हे ती रोज मोजू शकत होती. तरीही तिनं मिस बेट्सला दयेचा विषय केलं नाही. बॉक्स हिलनंतरही मिस बेट्स सुधारत नाही, शहाणी होत नाही, थोडक्यात बोलायला शिकत नाही. दुसऱ्या दिवशी एमा भेटायला जाते तेव्हा ती पुन्हा तितकंच बोलते, फक्त जरा बिचकत, आणि त्या बोलण्यातून पुन्हा काहीतरी महत्त्वाचं सांडतं. बदलावं लागतं ते ऐकणाऱ्यांना.

हे सगळं वाचून झालं आणि वाटलं, आत्याला वाचून दाखवावं. तिला आता बारीक छपाई त्रास देते. आत्या मिस बेट्स नाही, हे लिहायला हवं. तिला पेन्शन आहे, कुणाच्या सफरचंदांवर ती जगत नाही, आणि रागावली तर ती गप्प बसणाऱ्यांतली नाही. मी इंग्रजीतून बघत बघत मराठीत सांगायचे. रोज साडेसातला, आधी तिच्या गप्पा, भाजी न चिरता, आणि मग एक प्रकरण. तिला मिस्टर वुडहाउस अजिबात सहन झाले नाहीत. ‘असल्या म्हाताऱ्यांनी मुलींचं आयुष्य खाल्लं’ म्हणाली. मिस बेट्स बोलायला लागली की मला वाटायचं आता कंटाळेल. ती मात्र मध्येच थांबवून विचारायची, पॅटीला ते भांडं मिळालं का? मांस खारवलं का शेवटी? धुराडं साफ झालं? या प्रश्नांची उत्तरं द्यायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

चष्म्याचं प्रकरण वाचलं त्या संध्याकाळी पाऊस होता. फ्रँक टेबलाशी बसून चष्मा दुरुस्त करतोय, म्हातारी शेगडीजवळ डुलक्या घेतेय, जेन पियानोपाशी पाठ करून उभी आहे. मी पुढे निघाले, पियानो कुणी पाठवला याच्या ओढीनं. आत्या म्हणाली, ‘थांब. आईचा चष्मा झाला का नीट?’

मला सांगता येईना. झाला असेल म्हटलं. ‘असेल काय, बघ ना,’ ती म्हणाली. ‘एकच चष्मा आहे तिला.’

फोन ठेवल्यावर मी शोधत बसले. त्या प्रकरणात नव्हतं, पुढच्यात नव्हतं, त्याच्या पुढच्यातही नव्हतं. दहा प्रकरणं पुढे सापडलं, क्राउन इनमधल्या नृत्याच्या रात्री, त्या एका श्वासातल्या बोलण्याच्या मधोमध, जिथून मी तीनदा पान उलटून गेले होते. मिस बेट्स गर्दीत फ्रँक चर्चिलला गाठून सांगते की आईच्या चष्म्यानं त्यानंतर एकदाही त्रास दिला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला आत्याचा फोन आला. तिनं काही बोलायच्या आधीच मी म्हटलं, ‘आत्या, चष्मा नीट झाला. खिळा पुन्हा निघाला नाही.’

‘बरं झालं बाई,’ आत्या म्हणाली. ‘आता ऐक, आज पाणी आलंच नाही.’